बॅरेटोच्या शेजारी कोण?

रविवार, रात्र.

कोलकात्याच्या मोहन बागान फुटबॉल क्लबच्या परदेशी खेळाडूंचा सर्वोत्तम संघ काढायला शेजारच्या बंगाली काकांकडे बसलो होतो. पहिल्या नावावर वाद नव्हताच. होजे रामिरेझ बॅरेटो! १९९९ साली ब्राझीलहून आला आणि कोलकात्याचाच होऊन गेला. मधे महिंद्रा युनायटेडकडून तो मुंबईतही खेळला, म्हणून मला तो थोडा आपलाही वाटतो.

त्याच्या जोडीला काकांना चिमा ओकोरी हवा. बागाननं १९९१ मध्ये परदेशी खेळाडूंना दार उघडलं, ते चिमापासून. हे मान्य.

पण माझा जीव बचावातल्या बेलो रझाकवर. ३१ मे २०१५, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. आय-लीग जिंकायला बरोबरी पुरेशी होती आणि बागान एका गोलनं मागे. ८७व्या मिनिटाला हैतीच्या सोनी नोर्देचा कॉर्नर आला, बेलो उंच उडाला, हेडर, गोल! तेरा वर्षांनी विजेतेपद. त्या एका उडीसाठी मी त्याला कुठल्याही संघात घेईन.

काकांनी काही न बोलता बेलोचं नाव लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि कागदाची घडी चष्म्याच्या घरात ठेवली.