जुना थर

स्नानगृहात भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून, वॉश बेसिनच्या कडेने, स्वयंपाकघरात ओटा आणि टाइल्स जेथे मिळतात तेथून सिलिकॉनची एक बारीक पांढरी रेघ गेलेली असते. घर नवे असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे ती पिवळी पडते, कडा सुटू लागतात, आतून काळे ठिपके उमटतात. तरीही पाणी अडते आहे, अशी स्वतःची समजूत घालून दिवस काढले जातात.

पुण्यातील एका निवृत्त कापड व्यापाऱ्यांनीही असेच दिवस काढले होते. खालच्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याच्या छताला ओल आली. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा येऊन पाहून जाण्याची विनंती मात्र केली. ते छत पाहून शेठजी अस्वस्थ झाले. आयुष्यभर दुकान चालवताना ज्यांनी कोणाचे देणे अंगावर ठेवले नाही, त्यांच्या घरातले पाणी दुसऱ्याच्या छतात मुरत होते.

कारागिराने नळ आणि पाइप तपासले. ते शाबूत होते. दोष सांध्याचा होता. जुन्या थरावरच नवा थर ओढून देण्याची त्याने तयारी दाखवली. काम अर्ध्या तासाचे, पैसेही थोडे. शेठजींनी जुन्या थराचे सुटलेले टोक उचलून पाहिले. खाली आणखी एक थर होता. म्हणजे हाच उपाय पूर्वीही झाला होता.

सिलिकॉनचा गुणच असा की, एकदा पक्के झाल्यावर त्यावर सहसा काही चिकटत नाही. ताजे सिलिकॉनही त्याला नीट धरत नाही. वरून रेघ स्वच्छ दिसते, आणि पाणी दोन थरांमधून आपली वाट शोधत राहते. जुनी बाकी तशीच ठेवून नव्या वहीचे पहिले पान सुंदर अक्षरांत लिहावे, तसा हा प्रकार. शेठजींनी जुने सारे काढण्याचे ठरवले.

या कामाला बळ कमी आणि धीर अधिक लागतो. पक्के सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही, घरातल्या साध्या उष्णतेने वितळतही नाही. धारदार कटरने आधी भिंतीकडची आणि मग फरशीकडची कड कापावी लागते. मग पट्टी हळूहळू ओढता येते. उरलेला अंश टाइल्सवरून पाते तिरके धरून खरवडतात. ॲक्रिलिकच्या टबावर मात्र लोखंडी पाते लावू नये, प्लास्टिकची पट्टी वापरावी. शेवटी राहणारा तेलकट पापुद्रा मिनरल टर्पेंटाइनने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. त्या वेळी खिडकी उघडी आणि जवळपास आग नसावी. दुपारपर्यंत शेठजींची बोटे दुखून आली, आणि उकललेला सांधा जेमतेम चार फूट होता.

त्या पट्टीमागे काळी बुरशी दाट पसरली होती. बुरशी हा नुसता डाग नव्हे, ते जीव आहेत, हे जैन घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. गृहस्थाला घरकामातील आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. ती घडण्याचे प्रसंग कमी करणे मात्र त्याच्या हाती असते. बुरशी झाल्यावर तीव्र औषधे ओतण्यापेक्षा ती निपजू न देणे, हीच खरी यतना. स्नानानंतर कडा कोरड्या पुसणे आणि खिडकी उघडी ठेवणे यांत फार तर दोन मिनिटे जातात. ब्लीच आणि संडास-मोरीचे ॲसिड तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सांधा रिकामा झाल्यावर तो पूर्ण वाळू देणे आवश्यक होते. ओल्या सांध्यात भरलेले सिलिकॉन टिकत नाही. नवे घेतानाही विवेक हवा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून ॲसेटिक आम्ल सुटते, आणि ते संगमरवराला बाधते. म्हणून जेथे संगमरवर आहे तेथे ‘न्यूट्रल’ प्रकार मागून घ्यावा. भरल्यानंतर निदान 24 तास तेथे पाणी लागू देऊ नये. जाड थराला त्याहून अधिक वेळ लागतो, कारण सिलिकॉन हवेतील आर्द्रता घेत बाहेरून आत पक्के होत जाते. ते दोन दिवस घरातील सर्वांनी दुसरे स्नानगृह वापरले. थोडी गैरसोय झाली, कुरकुरही झाली.

खालच्या छताचा डाग लगेच गेला नाही, पण वाढायचा थांबला. छत वाळले की रंगकामाचा खर्च आपण देऊ, असे शेठजींनी कोणी मागण्याआधीच जाऊन सांगितले.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या यादीत माळा, कपाटे, भांडी हे सारे असते. त्या यादीत या बारीक पांढऱ्या रेघेलाही एक ओळ मिळावी. कड सुटलेली दिसली, की आधी तिच्याखाली काय आहे ते पाहावे.