लांगरी कक्कांचं देणं

कुंडमच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "जेवणाचं काय करशील?" जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, आसपास गोंडांची वस्ती. हिरन नदी इथेच उगम पावून पुढे नर्मदेला मिळते, एवढंच मला ठाऊक होतं. जेवणाचं काय ते कक्कांनी परस्पर ठरवून टाकलं.

कक्का माझे घरमालक, फौजेतून निवृत्त झालेले लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. खोलीचं भाडं ते चोख मोजून घेत. जेवणाच्या पैशांचा विषय काढला की मात्र ऐकूच न आल्यासारखं करत. शनिवारी मी जबलपूरला घरी जाई. रविवारची शेवटची बस कुंडमला पोचेपर्यंत गावात सामसूम झालेली असे, पण चुलीपाशी माझं ताट झाकलेलं असायचंच. संकोच वाटून मी काही बोलले, तर काकी हसून म्हणाल्या, "इनकी पुरानी आदत है. ड्यूटी से लौटने वाले का पहले निकालते हैं." पहाऱ्यावरून उशिरा येणाऱ्या जवानाचं आधी बाजूला काढायचं आणि मग पंगत बसवायची, हा त्यांचा लंगरातला शिरस्ता. माझी गणती त्यांनी कधी त्या जवानांत केली, मला कळलंही नाही.

हेडमास्तर निवृत्त होणार होते, आणि पार्टीच्या खाण्याचं काम सर्वांत धाकटी म्हणून माझ्या गळ्यात पडलं. समोसे मागवून मोकळं व्हावं असा माझा बेत. कक्का म्हणाले, "हम बनाएँगे. पहले गिनती लाओ." किती जण मांस खातात, किती नाही, कोणाला डुक्कर चालत नाही, सगळं लिहून आणायला लावलं. त्या यादीवरून मी जबलपूरच्या सदर बाजारातून चिकनच्या लंचन मीटचे डबे आणले.

एका रिकाम्या डब्याची दोन्ही तोंडं कापून कक्कांनी बत्त्याने कडा आत ठोकल्या. झाला साचा. तांदूळ त्यांनी मुद्दाम नवा घेतला होता. जुन्याचा भात मोकळा होतो, कुटकी या भरडधान्याचा तर वळतच नाही. मी गरम भातच दाबायला घेतला तर हातावर चापट बसली. कोमट झाल्यावर साचा पाण्यात बुडवून त्यात भात घालायचा, वाटीच्या बुडाने दाबायचा, मग साचा अलगद वर ओढायचा. मांसाचे काप कोरड्या तव्यावर टाकले की स्वतःच्याच चरबीत कडेने तांबूस होत. त्यावर गूळ, चिंच आणि लाल मिरचीचा चटका. भातावर काप ठेवून ओल्या सुरीने एका घासाचे तुकडे. शाकाहारी मंडळींसाठी बटाट्याचे काप, तवा वेगळा, सुरीही वेगळी. या वेगळेपणात त्यांनी जी काटेकोर निष्ठा दाखवली, ती मी मोठमोठ्या केटररांकडेही पाहिलेली नाही. पळसाच्या द्रोणांत मांडणी झाली आणि सगळ्यात आधी रात्रीच्या चौकीदाराचा द्रोण बाजूला गेला. सत्कारमूर्तींचा नंबर नंतर.

हवाई बेटांवर मुसुबी नावाचा पदार्थ असाच करतात, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने 1937 साली 'स्पॅम' हे डबाबंद मांस बाजारात आणलं, दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांबरोबर पॅसिफिकभर फिरलं, आणि हवाईत त्याची गाठ जपानी घरांतल्या भाताच्या मुटक्याशी पडली. वर समुद्रशेवाळाची पट्टी बांधतात. पुष्कळ घरांत साचा म्हणून रिकामा डबाच चालतो! कक्कांनी मुसुबीचं नावही ऐकलं नसणार. फौजेचा डबा आणि भात एका स्वयंपाकघरात आले की हात आपसूक तिकडे वळत असावेत.

बदली होऊन निघाले तेव्हा काकींसाठी साडी नेली, ती घेतली. पुढे जबलपूरहून मनीऑर्डर पाठवली, ती मात्र परत आली, आणि त्याच आठवड्यात बसच्या कंडक्टरने कुटकीची पिशवी घरी आणून दिली. आई म्हणाली, "या माणसाशी हिशेब करू नकोस, हरशील."

आता पुण्यात आमच्याकडे पार्टी असली की हे तुकडे ठरलेले. सून शेवाळाची पट्टी बांधते, दिसतंही छान. पण ताटं बाहेर नेण्याआधी सोसायटीच्या वॉचमनचा आणि उशिरा येणाऱ्यांचा वाटा मी झाकून ठेवते. कधीकधी त्यामुळे समोरच्या पाहुण्यांना कमी पडतं आणि ते कुरकुरतात. कुरकुरू देत.