जवळग्याची मुलगी

आमच्या मंठाळ परिसरातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पंढरीला जातात. त्या गावी विठ्ठलाखेरीज आणखी एक थोर दार आहे, हे मात्र मला नोकरीत शिरल्यावर कळले. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने तेथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुण्यास जोतीराव-सावित्रीबाईंनी हे कार्य १८६३ मध्येच आरंभिले होते. तरी त्यांचे मोठेपण मला १८७४ सालात अधिक दिसते. आश्रयास आलेल्या काशीबाईंचे मूल त्यांनी दत्तक घेतले. यशवंत नाव ठेवून त्याला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात मायलेक रुग्णसेवेत होते आणि त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या. आसरा देणे वेगळे आणि घर देणे वेगळे. पण हा भेद मला उशिरा उमगला.

मी तालुका कचेरीत असताना बसस्टँडवर सापडलेली सहाएक वर्षांची मुलगी एका बालगृहात ठेवली होती. नातेवाइकांच्या चौकशीचा अहवाल माझ्याकडे मागितला गेला. कागदात कानडीत नोंद होती : 'बोलता येत नाही.' मी सहज मराठीत विचारपूस केली, तो ती एकदम म्हणाली, "काका, जवळग्याची गाडी कवा हाय?" मुकी म्हणून नोंदलेल्या त्या पोरीस कानडी तेवढे येत नव्हते!

आता जवळगा कोणता? या नावाची गावे सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत. मी पत्रे धाडली. काही ठिकाणांहून 'आढळ नाही' असे उत्तर आले, पलीकडच्या राज्यातून तर उत्तरच आले नाही. दरम्यान एक निपुत्रिक शिक्षक दांपत्य तिला पाहून गेले. बाईंनी तिची वेणी घातली. पण अहवालावाचून ती दत्तकासाठी मोकळी ठरेना. आणि मी, कुठे बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून, आणखी एका स्मरणपत्राची वाट पाहत राहिलो. आम्हां सरकारी माणसांस चुकीचे भय फार, विलंबाचे मुळीच नाही. वर्ष सरले. त्या दांपत्याने अन्यत्र तान्हे बाळ घेतले.

२०१५ च्या कायद्याने अशी घोषणा करण्यास दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन आणि मोठ्या मुलासाठी चार महिन्यांची मुदत घातली आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूमही न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सुधारणा चांगलीच, परंतु चौकशीचा कागद अजून माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून जातो. असो.

बदलीचा हुकूम आल्यावर मी तिला भेटावयास गेलो. उंच झाली होती. मराठीत हाक मारली, तर तिने स्वच्छ कानडीत उत्तर दिले आणि मुलींच्या पंक्तीत जेवायला जाऊन बसली. जवळग्याच्या गाडीविषयी तिने काही विचारले नाही.