पिठी

रंगाने ती सावळीच. शेणाने सारवलेलं खळं अर्धंमुर्धं वाळलं की जसं दिसतं, तशी. अंगावर दागिना म्हणावा तर लसणीच्या दोन-चार पाकळ्या, हिरव्या मिरचीचा तुकडा आणि तळाशी बसलेलं एखादं आमसूल. पहिल्यांदा पाहणारा माणूस ताटात हे काय वाढलंय म्हणून थबकतो. मग वाफ नाकाशी येते. भाजलेल्या कुळथाचा तो खरपूस, थोडा मातीचा, थोडा धुराचा वास. लहानपणी ज्याने तो घेतलाय, त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही.

पिठी तांदळाचीही असते. पण आमच्याकडे ‘आज जेवायला काय?’ या प्रश्नाला ‘पिठी’ असं उत्तर आलं, तर ती कुळथाचीच. कुडाळ-मालवणच्या बोलीत ‘कुळदाची पिठी’. देशावर कुळथाला हुलगा म्हणतात. तिथे त्याच्या पिठाचे शेंगोळे होतात, माडगं होतं. ती तिची घाटावरची भावंडं. चण्याच्या डाळीचं पिठलंही नात्यातलंच, पण ते पिवळंधमक, चारचौघांत मिरवणारं. त्याच्या घराण्यातल्या झुणक्याला तर 1995 साली एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांनी राज्यभर नाव मिळवून दिलं. पिठीला तसलं काही मिळालं नाही. लग्नाच्या पंगतीत ती नसते, गणपतीच्या नैवेद्याला नसते, पाहुणे येणार म्हणून तिला कुणी मुद्दाम शिजवत नाही. बाहेर पाऊस कोसळतोय, बाजार दूर आहे, घरात भाजीचं देठसुद्धा नाही आणि माणूस दमून दारात उभा आहे, अशा वेळी सगळ्यांना तिची आठवण होते. आणि ती असते.

घराणं मात्र जुनं. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत कुळथाचे जळून कोळसा झालेले दाणे मिळाले आहेत, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीही इथली माणसं कुळीथ शिजवत होती. संस्कृतात तो ‘कुलत्थ’, आयुर्वेदाने त्याला उष्ण म्हटलंय. घोड्यांना खायला घालतात म्हणून इंग्रजांनी त्याचं नावच घोड्यावरून ठेवलं. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढं ठाऊक होतं की जिथे दुसरं काही येत नाही, तिथे कुळीथ येतो.

पिठी दहा मिनिटांत होते. म्हणून तिला घाईचं जेवण, वेळ मारून नेण्याची आमटी समजणारे लोक मला भेटतात, आणि त्यांच्याशी माझं भांडण आहे. ती दहा मिनिटं कुठून येतात, ते मी पाहिलं आहे.

भाताची कापणी झाली की जमिनीत ओल राहते. त्या ओलीवर कुळीथ पेरायचा. वेगळं पाणी नाही, खताचे लाड नाहीत. उरलेली ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर तो वाढतो. शिमग्याच्या आगेमागे शेंगा वाळतात. उन्हात त्या तडकतात आणि दाणे मातीत जातात, म्हणून आजी आणि काकी पहाटे, दव उडायच्या आत, रोपं उपटायला जात. ती खळ्यात पसरून वाळवायची, काठीने झोडायची, वारा बघून उफणायची. मग सूप घेऊन बसायचं. कुळथात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे असतात. शेवटच्या वर्षांत आजीला नीट दिसत नव्हतं, तरी खडे तीच काढायची. बोटांना कळायचं तिच्या.

मग भाजणं. चुलीवर मातीचं खापर, खाली मंद आग, आणि मुठीमुठीने कुळीथ. कच्चा राहिला तर पिठीला हिरवट, उग्र वास येतो. जास्त झाला तर कडू होते. मधली वेळ डोळ्यांना कळत नाही, कारण दाणा मुळातच तपकिरी. ती कानाने आणि नाकाने ओळखायची. दाणे तडतडायला लागतात, मग वास बदलतो. आजी कुणाशी बोलत असली तरी त्या क्षणी वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प व्हायची आणि खापर उतरवायची. पुढे जात्यावर भरडून डाळ करायची, पाखडून सालं गुरांना, आणि डाळ पुन्हा जात्यावर, या वेळी बारीक. पायलीभर कुळथाला दोन बायकांचे दोन दिवस सहज जायचे. चैत्र सरायच्या आत पत्र्याचा डबा भरून फडताळात गेलेला असायचा.

म्हणजे आषाढातल्या एखाद्या रात्री दहा मिनिटांत जी पिठी व्हायची, ती कार्तिकापासून होत आलेली असायची. पुढे कोणत्या तरी दिवशी आपल्याला उभं राहायचंही त्राण नसेल, हे ओळखून आजीने अंगात त्राण असताना ती करून ठेवलेली असायची.

स्वभावाने पिठी साधी आहे, पण तिला गृहीत धरलेलं चालत नाही. पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यावं लागतं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की वरचा थर जागच्या जागी शिजून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळीच्या पोटात पीठ कोरडंच राहतं. तिघांना दोन मोठे चमचे पीठ आणि तीन वाट्या पाणी पुरतं. तेलात सालासकट ठेचलेली लसूण लाल होऊ द्यायची, मग मिरची, हिंग, हळद. वर पाणी, त्यात मीठ आणि दोन आमसुलं. पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. मी पहिल्यांदा पळी हातात घेतली तेव्हा आजी पाठीशी उभी होती. एकच वाक्य तिने तीन-चारदा म्हटलं, “ढवळीत रव गे.” पिठी वर येते, फुगते, तिचा रंग गडद होतो आणि पळीवरून पडताना धार तुटेनाशी होते. मूठभर ओलं खोबरं घातलं की झालं. काही घरांत कांदा घालतात. आजी घालत नसे. कांद्याने पिठी गोडावते, असं तिचं मत होतं, आणि माझंही आहे.

चुलीवरून उतरली की ती थांबत नाही. निवली की दाटते, वर साय धरते, भातावर पसरायच्या ऐवजी ढेकळासारखी बसते. म्हणून आमच्याकडे आधी पानं घ्यायची, माणसं बसवायची, मग पिठी उतरवायची. “थंड जातली, बस जेवूक,” ही हाक ऐकून खळ्यातला खेळ टाकून आम्ही पोरं धावायचो. उकड्या तांदळाचा भात, त्याच्या मधोमध खळगा, त्यात पिठी. बाजूला निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, नाहीतर खोबरं-कांदा घालून कालवलेला गोलमो, म्हणजे सुका जवळा. सोमवार असला तर पोह्याचा पापड. तिच्या सोबतीला काहीतरी कुरकुरीत आणि खारट हवं, एवढी एकच मागणी ती करते.

1982 च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही परळला चाळीत राहायचो. बाबा साचेखात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले आणि लालबाग-परळच्या हजारो खोल्यांमध्ये एकाच वेळी पगार थांबला. वाण्याची वही भरत गेली. मग गावाहून, एसटीने येणाऱ्या एका शेजाऱ्यासोबत, तांदळाचं अर्धं पोतं आणि पत्र्याचा डबा आला. डब्याचं तोंड आजीच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधलं होतं. आत काठोकाठ पिठी. सोबत कागदात बांधलेली आमसुलं आणि सुक्या मिरच्या. आजीने वर्षभरासाठी केलेली पिठी होती ती. सगळीच पाठवली होती, हे पुढे कित्येक वर्षांनी काकीने सांगितलं.

त्या वर्षी आठवड्यातून चार-पाच रात्री पिठीच असायची. एकदा मी ताट सरकवलं. आई काही बोलली नाही. बाबांनी माझ्या ताटातला पिठी-भात आपल्या ताटात ओढून घेतला आणि सावकाश जेवले. हात धुवायला उठताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझ्या आवशीन दळल्यान ती.” त्यानंतर आजपर्यंत मी पिठी टाकलेली नाही.

आज मला कळतं की त्या वर्षी आम्ही गरिबांचं जेवलो, पण निकृष्ट जेवलो नाही. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि कॅल्शियम तर तुरीच्या डाळीच्या तिपटीहून जास्त. भातासोबत कडधान्य आलं की एकात जे कमी ते दुसऱ्यात भरून निघतं. चाळीतल्या कितीतरी पोरांची हाडं त्या काळात कुळथाने धरून ठेवली असं मला वाटतं.

आजी गेली ती ऐन श्रावणात. आम्ही मुंबईहून पोहोचेपर्यंत दुपार झाली. घरात माणूस गेल्यावर त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. संध्याकाळी, सगळं आटोपून पुरुष नदीवरून परतल्यावर, शेजारच्या घरची काकी डोक्यावर खोळ घेऊन पावसातून आली. एका हातात भाताचं तपेलं, दुसऱ्या हातात पिठीचं. भूक कुणालाच नव्हती. पण बाबांना सकाळपासून पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं आणि काकीने कुणाला न विचारता पानं घेतली. अशा वेळी पिठीच आणतात, हे मी तोवर ऐकलं होतं, पण का ते त्या दिवशी समजलं. ती चावावी लागत नाही. घसा दाटलेला असला तरी ती उतरते. तिला चव आहे, पण ती चव सणाची नाही, म्हणून खाताना अपराधी वाटत नाही.

ती शेजारच्या घरची पिठी होती. मिरची जरा जास्त होती, आणि कांदा घातलेला होता. पहिल्या घासाला तो कांदा दाताखाली आला, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

आता गावाकडे कुळीथ पेरणारी घरं कमी होत चाललीत. कापणी झाली की गुरं मोकाट सुटतात. पूर्वी सगळी वाडी पेरायची, त्यामुळे सगळी वाडी राखायची. आता एखाददुसऱ्याचं शेत हिरवं दिसलं की गावभरची गुरं तिथेच. गुरांतून वाचलं तर रानडुकरं आहेत, माकडं आहेत. आणि पहाटे दवात वाकून रोपं उपटणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत.

बाजारात पिठी मिळते. बचत गटांच्या काही बायका ती मन लावून भाजतात, साल काढतात, मग दळतात. अशी मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन घ्या. पुडा उघडल्यावर आधी वास घ्या. खरपूस वास आला तर निर्धास्त फोडणी टाका. हिरवट आला तर कुळीथ कच्चाच दळलेला आहे. टाकून देऊ नका. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत ते पीठ कोरडंच भाजा. रंगाकडे बघू नका, वास बदलण्याची वाट बघा. खापरावर भाजलेल्या कुळथाची सर त्याला येणार नाही, पण पिठी खाण्याजोगी होईल. आणि गावी कुणी अजून कुळीथ पेरत असेल, तर त्याच्याकडून पायली-दोन पायली दरवर्षी सांगून ठेवा, पेरणीच्या आधी. घेणारं कुणीतरी आहे हे कळलं, तर पेरणाऱ्याला राखण करावीशी वाटते.

आमच्या वाडीत पूर्वी सतरा घरं कुळीथ पेरायची. यंदा तीन घरांनी पेरलाय. त्यातलं एक माझ्या चुलतवहिनीचं आहे. शिमग्याला मी रोपं उपटायला जाणार आहे.