बेलाविस्ताची भिंत

सान होसेच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरायचं तर आधी फुलपाखरांच्या बागेतून जावं लागतं. मोठाली निळी फुलपाखरं अंगाला चाटून जातात आणि थोडं चढून वर आलं की समोर किल्ला! पिवळ्या भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा. ती भोकं कुणी बुजवलेली नाहीत. शाळेच्या सहलीला आलेली एक चिमुरडी त्यातल्या एका भोकात पेन्सिल घालून खोली मोजत होती. बाईंनी तिला हाताला धरून मागे ओढलं, पण रागावल्या नाहीत.

ही बेलाविस्ता छावणी. १९४८ साली संसदेनेच अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल रद्द केला आणि कोस्टा रिकात यादवी पेटली. ४४ दिवसांत सुमारे २००० माणसं मेली. ही यादवी जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनी १ डिसेंबरला इथल्याच भिंतीवर घण घातला, सैन्य बरखास्त केलं आणि छावणी संग्रहालयाला देऊन टाकली. वर्षभराने सत्ताही सोडली, निवडणुकीत ज्यांचा विजय रद्द झाला होता त्या उलाते यांच्या हाती.

मला मात्र घणाच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. प्राथमिक शिक्षण इथे १८६९ पासून मोफत आणि सक्तीचं. त्यानंतर ५० वर्षांनी, १९१९ मध्ये, हुकूमशहा तिनोकोविरुद्ध रस्त्यावर कोण उतरलं? शिक्षिका आणि त्यांचे विद्यार्थी. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या कार्मेन लिरा त्यांच्या पुढे होत्या. सरकारची तळी उचलणाऱ्या वृत्तपत्राची कचेरी जमावाने जाळली. दोन महिन्यांत तिनोको देश सोडून गेला. बंदुकीला न भिणाऱ्या बाई ज्यांनी लहानपणी पाहिल्या, त्यांना सैन्याविना राहायचं भय का वाटावं? उलट याच प्रदेशातल्या ग्वाटेमालात पुढे ३६ वर्षं यादवी चालली.

पण एक सल जात नाही. लिरा कम्युनिस्ट होत्या. १९४८च्या विजेत्यांनी त्यांना देशाबाहेर काढलं. आजारी पडल्यावरही परतायची परवानगी मिळाली नाही. १९४९ मध्ये मेक्सिकोत त्या गेल्या. घणाचं कौतुक करताना हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

संग्रहालयातून चालत मी लोखंडी शाळेपाशी गेलो. बेल्जियममध्ये घडवलेले पत्रे बोटीने आणून १८९०च्या दशकात उभारलेली ही इमारत. कॉफी विकून जगणाऱ्या चिमुकल्या देशाने शाळेसाठी एवढा खटाटोप केला! अजून तिथे वर्ग भरतात. दुपारचा पाऊस पत्र्यांवर ताडताड वाजत होता, आणि फाटकाशी छत्र्या उघडून पालक उभे होते.