फुकटातले एक्के

पोकर शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, फ्रीरोल खेळून शिकलो तर चालेल ना? खिशातलं काही जात नाही." प्रवेश फुकट, बक्षीस मात्र खरं, अशी ही स्पर्धा. मी म्हणतो, चालेल, पण थोडे दिवस. त्यातलं 'थोडे' कुणालाच आवडत नाही. मी फी घेऊन शिकवतो, त्यामुळे हा सल्ला माझ्याच सोयीचा आहे अशी शंकाही काहींच्या चेहऱ्यावर दिसते. असो.

थोडे दिवस का होईना, चालेल ते कशासाठी? दिवाळीत तीन पत्ती कुटून मोठा झालेला माणूस टेक्सास होल्डेमच्या टेबलावर बसला, की पहिला घोळ हातांच्या क्रमाचा होतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये बरोबर उलटं. कारण निव्वळ मोजणीचं आहे. तीन पत्त्यांत साधा सिक्वेन्स 720 प्रकारे बनतो आणि साधा कलर 1096 प्रकारे. पाच पत्त्यांत सिक्वेन्स 10,200 प्रकारे आणि कलर 5108 प्रकारे. जे दुर्मीळ, ते वरचं. हे कागदावर दोन मिनिटांत पटतं, पण टेबलावर घड्याळ टिकटिकत असताना आठवत नाही. ते अंगवळणी पडायला, बटण (डीलरची खूण) कुणाकडे आहे, आपली बोलायची पाळी कधी, पॉट किती झाला, हे न विचारता कळायला फ्रीरोलइतकी स्वस्त जागा नाही. हे जमलं की तिथलं निम्मं शिक्षण संपलं.

उरलेलं निम्मं मात्र बिघडवणारं असू शकतं. एक हात बघू. स्पर्धा नुकती सुरू झाली आहे, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच्या सक्तीच्या बोली) 10-20, प्रत्येकासमोर 2000 चिप्स. तुम्हाला एक्क्यांची जोडी आली, म्हणजे सरासरी 221 वाटपांत एकदा येणारा हात. तुमच्या आधीच एकानं सगळ्या चिप्स आत ढकलल्या आणि त्याच्यामागून तिघांनी. तुम्हीही ऑल-इन. पाच पत्ते उघडले, सत्ती-पंजी घेऊन बसलेल्याच्या दोन जोड्या लागल्या आणि तुम्ही स्पर्धेबाहेर.

इथे हिशेब काय सांगतो? एकाच खेळाडूविरुद्ध, त्याच्याकडे कुठलेही पत्ते असोत, एक्के साधारण 85 टक्के वेळा जिंकतात. तशाच चौघांविरुद्ध हा आकडा 56 टक्क्यांच्या आसपास उतरतो. तरी 2000 चिप्स लावून 10,000 च्या पॉटमधला तुमचा सरासरी वाटा 5600 चा झाला. याहून चांगला सौदा त्या स्पर्धेत पुन्हा मिळणार नव्हता. तुम्ही हरलात, पण निर्णय चोख होता. नवशिक्याला मात्र एवढंच दिसतं की एक्के घेऊनही माती खाल्ली. त्याहून वाईट अवस्था सत्ती-पंजीवाल्याची. त्याच्यापुढे चिप्सचा डोंगर उभा राहिला आणि आपण धाडसी खेळाडू आहोत अशी त्याची खात्री पटली. त्या हातातून सर्वांत चुकीचा धडा शिकला तो जिंकणारा.

ब्लफचंही तेच. पॉटच्या निम्मी बोली लावून ब्लफ केला, तर समोरच्यानं तीनात एकदा पत्ते टाकले तरी आपली बरोबरी होते. हे गणित समोरचा कधीतरी पत्ते टाकतो या गृहीतकावर उभं आहे. फ्रीरोलच्या पहिल्या तासात कुणी टाकतच नाही, कारण टाकून वाचवायचं काय? हरला तर दुसरी स्पर्धा आहेच. मग मुलं माझ्याकडे येऊन सांगतात, ब्लफ हे सिनेमातलं थोतांड आहे. त्यांचा अनुभव खरा असतो, पण तो त्या टेबलापुरताच. तिथे ब्लफ सोडून द्यावा आणि चांगला हात आला की नेहमीपेक्षा मोठी बोली लावावी, कारण कुणीतरी बघायला येणारच.

फ्रीरोलची बाजू घेणारे दोन नावं हमखास पुढे करतात. पहिलं ख्रिस फर्ग्युसन. 2000 च्या पोकर जागतिक मालिकेतल्या मुख्य स्पर्धेचा हा विजेता. त्यानं एक दमडी न भरता फ्रीरोलपासून सुरुवात केली आणि 10,000 डॉलरपर्यंत मजल मारली. रोख टेबलावर एकूण पुंजीच्या 5 टक्क्यांहून जास्त न्यायचं नाही, स्पर्धेत 2 टक्क्यांहून जास्त घालायचं नाही, डॉलरभराच्या स्पर्धांना सूट, असे त्याचे नियम होते. हे नियम सोन्यासारखे आहेत. पण गोष्ट सांगणारे विसरतात की हा गडी आधीच जगज्जेता होता. फ्रीरोलनं त्याला पोकर शिकवलं नाही, त्याचा संयम तपासला. (ज्या ऑनलाइन पोकर साइटवर हे घडलं, तिला 2011 मध्ये अमेरिकी सरकारनं दणका दिला आणि त्या प्रकरणात फर्ग्युसनचंही नाव आलं; संयमाचा आदर्श म्हणून त्याची तसबीर लावण्याआधी हेही माहीत असावं.)

दुसरं नाव नॉर्वेच्या अॅनेट ओब्रेस्टाडचं, आणि तिचा दाखला जास्त वजनदार. ती खरोखर फुकटच्या स्पर्धांतून वर आली आणि 2007 मध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, युरोपातली जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी 180 जणांची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा ती स्वतःचे पत्ते झाकून खेळली, एकदाच बघितले, आणि जिंकली. म्हणजे बसायची जागा आणि समोरच्यांच्या बोली एवढ्यावरच तिचा खेळ चालला. पण ही स्पर्धा फुकटची नव्हती. थोडे का होईना, लोकांनी पैसे भरले होते, म्हणून त्यांच्या बोलींना अर्थ होता आणि तो वाचता येत होता.

फ्रीरोलमध्येही बोलींना अर्थ येतो, पण उशिरा. गर्दी ओसरते, बक्षिसाच्या रांगेत पोचायला मोजके खेळाडू बाहेर जायचे उरतात आणि मघाशी डोळे मिटून चिप्स ढकलणारे अचानक विचार करू लागतात. ब्लाइंड एवढे वाढलेले असतात की आपल्याकडे त्यांच्या आठ-दहा पटच चिप्स उरतात. अशा वेळी सगळं ढकलायचं की पत्ते टाकायचे, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याची उत्तरं कोष्टकात मांडता येतात. हा शेवटचा तास मी सगळ्यांना खेळायला लावतो. पहिल्या तासात वाईट हात मुकाट टाका, शेवटचा तास लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कोष्टकाशी ताडून बघा.

साइटवाल्यांचा हेतू अर्थात शिकवण्याचा नसतोच. साडीच्या दुकानात पुढ्यात येणारा चहा जसा, तसा फ्रीरोल: घ्यावा, पण कशासाठी दिला आहे ते लक्षात ठेवावं. आपल्याकडे तर दुकानाचाच नूर पालटला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि इथल्या पोकर अॅप्सनी पैशांची टेबलं बंद केली. समोरासमोर खेळायचं, तर आपल्याला जवळचा म्हणजे गोव्याचा कॅसिनो; महाराष्ट्रानं 1976 मध्ये केलेला कॅसिनोचा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. मग नवशिक्यानं करायचं काय?

चिपला किंमत हवी, पण ती रुपयांतच असली पाहिजे असं नाही. माझ्या वर्गात महिनाभराचा गुणतक्ता भिंतीवर असतो. पहिल्या तिघांना गुण, सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्याचे दोन गुण वजा, आणि महिन्याच्या शेवटी तळाला असेल त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. पैशाचा संबंध नाही. तरी पहिल्याच आठवड्यात सत्ती-पंजी मुकाट टाकली जाते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तक्त्यात वर असलेले ताठरतात, तळाचे बेफाम होतात, आणि कोण कुठे आहे हे बघून बोली लावता येते. घरी सहा जण जमत असाल तर हाच तक्ता करा. फक्त वजा गुणांचा नियम गाळू नका. आमच्याकडे एका महिन्यात तो लोकाग्रहास्तव गाळला, आणि दुसऱ्याच डावाला चौघं ऑल-इन होते.