नाटक सुटल्यावर खायचे कुठे?

मुंबईला नाटक पाहून घरी परतले की नाटक कसे होते, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही. सासूबाईंचा पहिला प्रश्न असतो, "खाल्लं काय?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "कुठं खाल्लं?" पहिल्या प्रश्नात माया असते, दुसऱ्यात काळजी. मांस हलाल होते की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. पूर्वी मला या दुसऱ्या प्रश्नाचे हसू यायचे. आता येत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. राहते वरसे गावात, रोह्याला अगदी लागून. बी.एड. करताना एका नाट्यउताऱ्याचा पाठ घ्यायचा होता, आणि तोपर्यंत मी व्यावसायिक नाटक एकही पाहिलेले नव्हते. लहानपणी अब्बांचे बोट धरून शेजारच्या गावात उत्सवातली नाटके पाहिली होती, तेवढीच. त्यातलेही कथानक आठवत नाही. आठवते ते पेट्रोमॅक्सच्या उजेडात तळली जाणारी कांदाभजी आणि मध्यरात्रीचा गोड चहा. पाठ कसाबसा झाला, पण नाटक न पाहता ते शिकवायचे कसे, ही टोचणी राहिली. नोकरी लागल्यावर माझ्याच वयाला न शोभणारा उत्साह असलेल्या एक ज्येष्ठ शिक्षिका भेटल्या. त्यांना मी ताई म्हणते. रोह्याच्याच, नाटकवेड्या. गेली पंधराएक वर्षे आम्ही दोघी वर्षातून तीन-चार नाटके पाहतो.

रोह्याहून नाटकाला जायचे म्हणजे दिवस मोडतो. रविवारी सकाळी निघायचे, दुपारचा प्रयोग गाठायचा, मग लोकलने पनवेल आणि तिथून एसटी. पेण, वडखळ, नागोठणे करत घरी यायला रात्र होते. म्हणून खाण्याचा विचार तिकिटाइतकाच आधी करावा लागतो.

मराठी नाटकाच्या खाण्याची सुरुवात मध्यंतरातच होते. दादरच्या श्री शिवाजी मंदिरचा बटाटेवडा माहीत नाही असा नाट्यरसिक सापडणे कठीण. हे नाट्यगृह १९६५ सालचे. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे. तेवढ्यात शेकडो माणसांनी खायचे, चहा घ्यायचा, पुन्हा खुर्चीत येऊन बसायचे. ताटवाटी नको, कागदावर मावला पाहिजे, उभ्याने खाता आला पाहिजे. या सगळ्याला वडाच पुरा पडतो. जपानमध्ये काबुकी नाटकांच्या अंकांमध्ये खायच्या डब्याला 'माकुनोउची' म्हणतात. त्याचा अर्थच दोन पडद्यांच्या मधला. वर्गात हे सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांचा बटाटेवडा!" मी त्याला पूर्ण गुण दिले.

माझ्यासारखीला वड्याचे आणखी एक मोल आहे. त्यात काय आहे, हे विचारावे लागत नाही. एकदा एका नाट्यगृहात माझ्या डोक्यावरचा स्कार्फ पाहून काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बाई, यात फक्त बटाटा आहे हां." त्याने चांगल्या मनाने सांगितले की टोमणा मारला, ते अजून ठरवता आलेले नाही. ताई मात्र पटकन म्हणाल्या, "फक्त बटाटा? मग मिरची कोण घालणार?" रांग हसली आणि वडा गरम होता.

नाटक सुटल्यावर वेळ कमी असेल तर आम्ही छबिलदास गल्लीत जातो. १९७४ पासून पुढे बरीच वर्षे छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'च्या प्रायोगिक नाटकांची चळवळ चालली. आता ती नाटके तिथे नाहीत, पण गल्लीत श्रीकृष्णचा वडा आहे. थोडा निवांतपणा असेल तर शिवाजी पार्कच्या बाजूला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, नाहीतर सेना भवनासमोरच्या आस्वादमध्ये मिसळ. ही सगळी शाकाहारी ठिकाणे. तिथे माझी जीभही मोकळी असते आणि मनही.

अडचण व्हायची ती दुसरीकडे. कधी कधी शाळेतले सात-आठ जण मिळून नाटकाला जायचो. प्रयोग संपला की कोणीतरी म्हणायचे, "चला, मटण खाऊ या." मी म्हणायचे, "तुम्ही घ्या, माझं पोट भरलंय." मग सोलकढी घेऊन बसायचे. नाटकावर खरी चर्चा त्या टेबलावर रंगायची. कोणाला शेवट पटलेला नसायचा, कोणी नटाची नक्कल करायचे. मीही बोलायचे, पण उपाशी पोटी माणूस अर्धाच बोलतो. "इथलं मांस मला चालत नाही, आपण माशांच्या ठिकाणी जाऊ या का?" एवढे एक वाक्य होते. ते बोलायला मला बारा वर्षे जमले नाही. वाटायचे, आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडेल. 'यांचं नेहमीचंच' असे कोणी मनात म्हणेल. कोणी तसे म्हटले नव्हते, पण मीच त्यांच्या वतीने ते मनात म्हणून टाकले होते.

२०१८ चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. शाळेला सुट्टी होती. गिरगावात, केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात, दुपारचा प्रयोग होता. मला रोजा होता. मध्यंतरात मी खुर्चीत बसून राहिले, तर ताईही उठल्या नाहीत. "तुझ्यासमोर वडा खाऊ होय?" एवढेच म्हणाल्या. प्रयोग संपल्यावर मी म्हटले, "आज इफ्तारला माझ्या बाजूला चला." टॅक्सीने आम्ही मिनारा मशिदीपाशी गेलो. गिरगावपासून हे अंतर फार नाही, पण नाट्यगृहातून थेट तिकडे जाणारी माणसे मी फारशी पाहिलेली नाहीत.

मगरिबची अजान झाली. फुटपाथच्या कडेला उभे राहून मी खजूर तोंडात टाकला. एक खजूर ताईंच्या हातावर ठेवला. समोर सीगवर कबाब भाजले जात होते. ताई मटण आवडीने खाणाऱ्या, त्यांच्या हातचा रस्सा मी वासाने ओळखते. मी दोन प्लेट सांगायला निघाले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू घे गं. माझं पोट भरलंय."

सकाळपासून त्यांनी माझ्यासोबत धड काही खाल्लेले नव्हते. आणि ते वाक्य माझेच होते, शब्दन्‌शब्द.

मी काही बोलले नाही. आम्ही मातीच्या वाटीतली फिरनी खाल्ली. मालपुव्यात अंडे असते, ते मी आधीच सांगितले. तो त्यांनी अंड्यासकट संपवला. मग सँडहर्स्ट रोडहून पनवेल लोकल पकडली. मुक्काम त्यांच्या बहिणीकडे पनवेललाच होता. वाशीच्या खाडीचा पूल आला तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "पोट भरलं नव्हतं. कसलं मांस असेल, या विचाराने घास घशाखाली उतरला नसता. तुला विचारायची लाज वाटली. तुझ्या सणाला तुझ्याच लोकांवर शंका घेतल्यासारखं झालं असतं."

मला वाईट वाटले, हे खोटे सांगणार नाही. मनात आले, इतक्या वर्षांच्या ओळखीत ही शंका? पण लगेच दुसरा विचार आला. मी तरी काय करत होते? मांस कसे कापले, हा माझा प्रश्न. मांस कुठले, हा त्यांचा. दोघींनी आपापला प्रश्न पोटाच्या नावावर खपवला होता. फरक इतकाच, की त्यांनी एका संध्याकाळीच खरे सांगितले आणि मी बारा वर्षे थांबले होते. मग मीही सगळे सांगितले. त्या पनवेलपर्यंत मोजत राहिल्या, "त्या अमक्या नाटकाच्या वेळी? आणि त्या तमक्याच्या? सगळ्या वेळी उपाशी?"

तेव्हापासून आमची व्यवस्था साधी आहे. दादरला नाटक असेल आणि जेवायचे असेल, तर मासे. 'सिंधुदुर्ग' किंवा 'गोमांतक'. इतर वाचकांसाठी सांगते, माशाला जबिहा लागत नाही, तो कोणी पकडला याने फरक पडत नाही. कोळंबीवरून काही मुसलमानांत मतभेद आहेत, पण आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आम्हाला ती खुशाल चालते. ताईंनाही सुरमई समोर आली की कसलीच शंका उरत नाही. सारे कोकण एका ताटात बसवायचे तर ते ताट माशाचेच असणार.

आणि रमजानात गिरगावात प्रयोग असेल, तर मिनारा मशीद. पुढच्या खेपेला ताईंनी विक्रेत्यालाच सरळ विचारले, "कसलं आहे?" तो म्हणाला, "बकरे का है, आंटी." त्याला राग आला नाही, तो रोज दहा जणांना हेच सांगत असणार. ताईंनी कबाब खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

मागच्या वेळी नाटकाहून परतले, तर सासूबाईंचे नेहमीचे प्रश्न झाले. मी सगळे सांगितले, अगदी ताईंनी विक्रेत्याला विचारले होते तेसुद्धा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं. विचारून खावं. पुढच्या वेळी तिला घरी जेवायला बोलाव, आणि कसलं आहे ते आधी सांग."

ताई पुढच्या रविवारी येत आहेत. मटणाचा बेत आहे. कसले, ते फोनवर आधीच सांगितले आहे.